नंबर तोच, दारू वेगळी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात खरं तर तीन प्रश्न आहेत. तुमचा मामेभाऊ टेक्सासला राहतो आणि रायफलची काडतुसं घरी भरतो. लष्कराने विकायला काढलेल्या शिलकी दारूचा एक डबा त्याने वापरला, तो संपल्यावर त्याच नंबरचा दुसरा आणला. दारूचं वजन तेच, गोळी तीच, टोपी (ठोका बसल्यावर दारू पेटवते ती) तीच. तरी आता बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा अडसर) उघडायला तळहाताने ठोकावा लागतो, आणि पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीच्या, बुडावर घासल्यासारखा चकचकीत ठिपका उमटतो. नंबर तोच असताना असं का, हा पहिला प्रश्न. आपल्याकडे हे करता येईल का, हा दुसरा. आणि जाता जाता, काही विशेष नसल्याच्या थाटात, तुम्ही विचारलंय की आजोबांच्या ट्रंकेत बारा बोरची जुनी काडतुसं आहेत, त्यातली दारू फुकट घालवण्यापेक्षा वापरता येईल का. या तिसऱ्याचं उत्तर आधी देतो: ट्रंक बंद करा. का, ते शेवटी सांगतो. आणि भावाला आजच फोन करा. त्या नव्या डब्यातून भरलेलं एकही काडतूस त्याने आता उडवू नये.

माझ्याबद्दल इतकंच, की नोकरी तोफखान्यात झाली, शेवटची वर्षं देवळालीत दारूगोळ्याच्या हिशेबात गेली आणि आता नाशिकरोडला घर आहे. रायफलची काडतुसं मी कधी घरी भरलेली नाहीत. पण नळी सहा इंची असो की बोटाएवढी, आत दारू जळते ती एकाच नियमाने. (नाशिकमध्ये दारू म्हटलं की लोकांना द्राक्षाचे मळे आठवतात. मी बोलतोय ती बारूदीबद्दल.)

तुमच्या प्रश्नात एक समज दडलेला आहे: डब्यावरचा नंबर म्हणजे दारूचा वेग. तसं नाही. नंबर म्हणजे आडनाव. एकाच आडनावाचे दोन सख्खे भाऊ, एक शांत आणि एक तापट, असे गावोगाव सापडतात. दारूची खरी ओळख तिच्या लॉटमध्ये, म्हणजे एका खेपेत एकत्र तयार झालेल्या मालात असते.

वेग कशाने ठरतो ते एका कांद्यावर दाखवतो. लासलगावचा कांदा हातात घ्या आणि एकेक पापुद्रा काढत जा. धूरविरहित दारूचा दाणा असाच जळतो, बाहेरून आत, थराथराने. एका क्षणी किती वायू तयार होणार हे त्या क्षणी उघड्या असलेल्या पृष्ठभागावर ठरतं. कांदा सोलत गेलात की तो लहान होत जातो, म्हणजे पृष्ठभाग घटत जातो. भरीव गोल दाणा म्हणूनच सुरुवातीला जोरात आणि नंतर मंद जळतो. आता दाणा नळीसारखा करा, मधोमध एक भोक. समजा बाहेरचा व्यास ३ मिमी, भोक १ मिमी. घेर व्यासाच्या प्रमाणात असतो, म्हणून व्यासच मोजू: दोन्हींची बेरीज ४. पाव मिमी थर जळाला की बाहेरचा व्यास झाला २.५, आतलं भोक झालं १.५. बेरीज पुन्हा ४. बाहेरून जेवढं घटलं तेवढं आतून वाढलं, टोकं सोडली तर पृष्ठभाग कायम. आता ७ मिमीच्या दाण्याला अर्ध्या मिमीची सात भोकं पाडा. बेरीज ७ अधिक ३.५, म्हणजे १०.५. तोच पाव मिमी थर जळाल्यावर बाहेर ६.५ आणि आत प्रत्येकी १ मिमीची सात भोकं, एकूण १३.५. हा दाणा जळता जळता जास्त वायू देऊ लागतो. मोठ्या तोफांच्या दारूला सात भोकं असतात ती याच कारणाने: जड गोळा नळीत पुढे सरकत असताना मागची जागा वाढते, आणि ती भरून काढायला वायूही वाढता लागतो.

हे झालं आकाराचं. रायफलच्या बारीक दाण्यांत आणखी एक भानगड आहे, ती म्हणजे वरचा लेप. दाण्याच्या बाहेरच्या थरात जळणं मंदावणारं रसायन मुरवलेलं असतं, म्हणजे सुरुवातीचा भडका आवरला जातो. हा लेप किती खोल मुरला हे डोळ्यांना दिसत नाही. खसखशीसारखी बारीक गोलसर दारू असते तिच्यात तर सगळी मदार लेपावरच, कारण गोल आकाराचा स्वभाव आधी सांगितला तसा, सुरुवातीलाच सगळं देऊन बसण्याचा. दोन डबे शेजारी ठेवा. रंग सारखा, दाणा सारखा, चमक सारखी. एकाचा लेप जरा उथळ असेल तर तो डबा बदमाश. म्हणून दारू बघून ओळखतो असं कोणी म्हणालं की मी खुर्ची दोन हात मागे घेतो.

आणि हा फरक थोडासा असून थोडा राहत नाही. चुलीत काटक्या जास्त पडल्या तर भाकरी करपते, एवढंच. बंद नळीत गोष्ट वेगळी असते, कारण दाब वाढला की दारूचं जळणंही वाढतं. या दारूत दाब दुप्पट झाला तर जळण्याचा वेगही जवळपास दुप्पट होतो. जास्त वायू म्हणजे जास्त दाब, जास्त दाब म्हणजे जास्त वेगाने जळणं, त्यातून आणखी वायू. या चक्राला लगाम घालणारी एकच गोष्ट, पुढे पळणारी गोळी, कारण ती सरकली की जागा वाढते. सगळी शर्यत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपते. आकडा हवा असेल तर थर्टी-ऑट-सिक्स रायफलला अमेरिकेत कमाल दाबाची मर्यादा चौरस इंचाला ६०,००० पौंड आहे. घरातला कुकर शिट्टी मारतो तेव्हा आत वातावरणापेक्षा साधारण १५ पौंड जास्त असतात. म्हणजे तुमच्या गालापासून काही इंचांवर चार हजार कुकर. तिथे दारू थोडी चपळ निघाली तर परिणाम थोडा निघत नाही.

मग कारखान्यांना एकसारखी दारू करता येत नाही का? येते, पण ती करण्याला खर्च आहे. दुकानात विक्रीला डबाबंद येणारी दारू वेगवेगळे लॉट मोजून, एकमेकांत मिसळून ठरावीक वेगाच्या जवळ आणलेली असते. त्यामुळे पुस्तकातला वजनाचा तक्ता पुढच्या डब्यालाही मर्यादेत लागू पडतो. लष्कराला त्याची गरजच नसते. काडतूस भरणाऱ्या कारखान्याकडे दाब मोजायची नळी आणि वेग मोजायची यंत्रणा असते. नवा लॉट आला की ते चाचणी घेतात आणि वजन कमी-जास्त करून ठरलेला वेग ठरलेल्या दाबात बसवतात. त्यांच्या लेखी नंबर म्हणजे 'साधारण या घराण्यातली' एवढंच. ही दारू शिलकी म्हणून बाहेर आली की डबा ग्राहकाकडे जातो आणि चाचणीचा कागद कारखान्यातच राहतो.

शिलकी दारूचा हा सगळा बाजार दुसऱ्या महायुद्धानंतरचा. कॅन्सासच्या ब्रूस हॉजडन यांनी सरकारकडून रायफलच्या काडतुसांसाठीची ४८९५ ही दारू घाऊक विकत घेतली, रेल्वेच्या जुन्या डब्यात साठवली आणि शौकिनांना किरकोळीने विकली. मागोमाग २० मिमी तोफेसाठीची ४८३१ आली. कवडीमोल मिळत होती, लोक तिच्यावर लट्टू होते. तो साठा संपत आला तशी त्याच नंबरची नवी दारू तयार होऊन आली. पुढे १९७० च्या दशकात दुसऱ्या एका मोठ्या उत्पादकानेही ४८३१ बाजारात आणली आणि ती हॉजडनच्या ४८३१ पेक्षा चपळ निघाली. चारही आकडे तेच, तरी एकीचं वजन दुसरीला चालत नाही. आजही तिकडची पुस्तकं या दोघींचे तक्ते वेगवेगळे छापतात. तुमच्या भावाने डब्यावरचे आकडे वाचले, आकड्यांआधीची अक्षरं आणि लॉट वाचला का, हे त्याला जरूर विचारा.

त्याचा डबा नव्या शिलकीतला नसून जुनी काडतुसं उसवून काढलेल्या दारूचा असेल तर प्रकरण आणखी वाईट. हजारो काडतुसांच्या गोळ्या उपसून दारू एका पिंपात ओततात. ती काडतुसं एकाच वर्षाची, एकाच लॉटची असतील याची खात्री कोण देणार? बाजार समितीत चार शेतकऱ्यांचा माल एका ढिगात ओतल्यावर कुठला कांदा कुणाचा, हे व्यापारीही सांगू शकत नाही. अशा डब्याचा वरचा भाग एका स्वभावाचा आणि तळ दुसऱ्या स्वभावाचा निघू शकतो.

दारू बदलली तर शस्त्राचं काय होतं याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेच्या एम-१६ रायफलचं आहे. ती बेतली होती नळीदार दाण्याच्या दारूवर. १९६४ मध्ये काडतुसात डब्ल्यूसी ८४६ ही गोलसर दाण्याची दारू आली. गोळीचा वेग हवा तेवढा मिळाला, पण वायू नळीत पुढे, गॅसच्या छिद्रापाशी (बोल्ट मागे ढकलायला वायू घेतात तिथे) पोचेपर्यंत दाब चढा राहू लागला. रायफलचा गोळीबाराचा दर वाढला, कचरा साचू लागला आणि व्हिएतनाममध्ये ऐन लढाईत रायफली अडकू लागल्या. साफसफाईचं साहित्य न देणं आणि चेंबरला (काडतूस बसतं त्या जागेला) आतून क्रोमचा मुलामा नसणं हीही कारणं होतीच. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने चौकशी केली. यातली मजेची गोष्ट म्हणजे कचऱ्यातला एक वाटा चुनखडीचा होता! गोलसर दारू बनवताना राहिलेलं आम्ल मारायला कॅल्शियम कार्बोनेट घालतात, ते जास्त झालं की गॅसच्या बारीक नळीत बसतं. मग त्याचं प्रमाण आवळलं गेलं, आणि त्याच घराण्यातून एम-१६ च्या ५.५६ मिमी काडतुसासाठी डब्ल्यूसी ८४४ वेगळी निघाली. एका नंबरातून दुसरा नंबर कसा जन्मतो, ते बघा.

दारू तीच, स्वभाव वेगळा, हा धडा आम्ही देवळालीत कागदावर नाही, जमिनीवर शिकलो. मे महिन्यातली दुपार होती. सहा तोफा, एकच लक्ष्य, आणि चार नंबरच्या तोफेचे गोळे सारखे शे-दीडशे मीटर पुढे पडत होते. ओपीवरून, म्हणजे निरीक्षण चौकीवरून, तीच तक्रार पुन्हा पुन्हा. नेम तपासला, बबल (तोफेची पातळी दाखवणारा बुडबुडा) तपासला, सगळं ठीक. मी चालत गेलो तर चार्जच्या, म्हणजे मोजून भरलेल्या दारूच्या, पिशव्यांच्या थप्पीवर ताडपत्री नव्हती. बाकीच्यांचा माल झाकलेला, यांचा सकाळपासून उन्हात. थप्पीत हात घातला तर कापड गरम लागलं. पिशवीत थर्मामीटर खोचला, इतरांपेक्षा पंधरा अंशांनी जास्त. गरम दारू चपळ जळते, गोळा जोरात सुटतो, पुढे पडतो. चूक आमच्याच हाताखालची होती, शिव्याही आम्हीच खाल्ल्या. तोफखान्यात म्हणूनच प्रत्येक फायरला दारूचं तापमान आणि लॉट नंबर लिहून घेतात आणि गणितात धरतात. एका वेळी सगळ्या तोफांना एकच लॉट द्यायचा, उरलेल्या चार पिशव्या दुसऱ्या लॉटच्या असतील तर बाजूला ठेवायच्या. ही शिस्त प्रशिक्षित माणसांची, छापील तक्त्यांसह. आणि निफाडच्या जानेवारीतल्या गारठ्यापासून मेच्या उन्हापर्यंत तापमान किती बदलतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. भावाने पहिल्या डब्याचं वजन टेक्सासच्या हिवाळ्यात ठरवलं असेल आणि आता तिकडे उन्हाळा असेल, तर त्याच्या त्रासात तोही वाटा असू शकतो.

तिकडचे जाणते लोक शिलकी दारू कशी हाताळतात? नव्या लॉटला ते अनोळखी दारू मानतात. त्याच घराण्यातल्या सर्वांत चपळ दारूचा छापील तक्ता धरतात, त्याच्या किमान वजनापासून सुरू करतात आणि वेग मोजत थोडंथोडं चढतात. एका लॉटचा उरलेला भाग दुसऱ्यात कधीच ओतत नाहीत. यात दोन फसव्या जागा आहेत. वेग मोजणारं यंत्र दाब मोजत नाही. चपळ दारूत दाबाचं शिखर लवकर आणि उंच येतं, तरी गोळीचा वेग तेवढाच दिसू शकतो. दुसरी म्हणजे चपटी झालेली टोपी, घट्ट बोल्ट, बुडावरचा ठिपका या खुणा दिसतात तेव्हा मर्यादा बहुधा आधीच ओलांडलेली असते. तुमचा भाऊ सध्या याच टप्प्यावर आहे. वजन अर्धा-एक ग्रेन (दारू मोजायचं बारीक माप) कमी करून बघतो, असं तो म्हणेल. उसवलेल्या, मिसळलेल्या मालात त्याला अर्थ नाही, कारण पुढचा चमचा कुठल्या लॉटचा हे ठाऊक नाही. आणि फार कमी भरणं हाही उपाय नव्हे: मंद दारू मोठ्या पुंगळीत अर्धवट भरली की कधी ती पेटायला रेंगाळते आणि मग दाबाचा अवचित, बेहिशेबी झटका बसतो. असं नळी फुटण्यापर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. डबा बाजूला ठेवावा, भरलेली काडतुसं उसवावीत आणि दुकानातली मोजून मिसळलेली दारू घ्यावी. पैसे जास्त जातील, जाऊ देत.

शिलकी म्हणजे बहुतेक वेळा जुनीही असते. या दारूचा मुख्य घटक, नायट्रोसेल्युलोज, कपाटात पडल्या पडल्याही हळूहळू विघटित होत असतो. त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड विघटन आणखी वाढवतात. ते शोषून घेण्यासाठी डायफिनिलअमाईनसारखं स्थिरक घातलेलं असतं, पण ते खर्च होत जातं, आणि उष्णतेत झपाट्याने. संपलं की दारू तापू लागते. फ्रान्सच्या 'इएना' आणि 'लिबर्ते' या युद्धनौका तूलाँ बंदरात अनुक्रमे १९०७ आणि १९११ मध्ये उडाल्या, त्याचा दोष कोठारातल्या बिघडलेल्या दारूवर आला. डबा उघडल्यावर आंबूस, नाकाला झोंबणारा वास, तांबूस भुकटी किंवा झाकणाच्या आतून गंज दिसला तर ती दारू मेलेली नाही, उलट आजारी आणि धोकादायक आहे. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली शिलकी दारू मी तरी घरात घेणार नाही.

आता आपल्याकडचं. थोडक्यात उत्तर: नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत दारूगोळा म्हणजे नुसतं तयार काडतूस नव्हे. बंदुकीचे चार्ज, काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीसुद्धा त्यात येते. कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि तुमच्याकडचा शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे तो नव्हे. शिवाय दारूचा साठा आणि वाहतूक यांना स्फोटकांचे नियम लागतात, ज्यांची मुख्य कचेरी आपल्याच नागपुरात आहे. त्यामुळे सुट्टीवरून येताना 'एक छोटा प्रेस (काडतूस भरायचं यंत्र) आणि थोडी दारू' बॅगेत टाकून आणण्याचा विचार विमानतळाच्या कितीतरी अलीकडेच सोडून द्या. तसंही तुम्ही पॉइंट टू-टू आणि एअर रायफल चालवता. टू-टूच्या काडतुसाला वेगळी टोपी नसते, पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि पिन ती कड चेपते. ती पुंगळी पुन्हा भरायची नसतेच. तुम्हाला गट घट्ट, म्हणजे गोळ्या जवळजवळ पडायला हव्या असतील तर आमचाच नियम उचला: एकाच लॉटच्या पेट्या घ्या, दोन-तीन लॉट आपल्या रायफलवर उडवून बघा, जो मानवेल त्याच्या जास्त पेट्या उचला आणि स्पर्धेच्या दिवशी त्या गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. मोठमोठे नेमबाज हेच करतात.

राहिली आजोबांची ट्रंक. बारा बोरची दारू बहुधा पातळ चकत्यांची, पोह्यांसारखी, आणि रायफलच्या दारूपेक्षा कितीतरी चपळ असते. शॉटगनमध्ये दाब रायफलच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास राखायचा असतो आणि छर्‍यांचा भार चटकन सुटावा लागतो, म्हणून. तीच दारू रायफलच्या पुंगळीत रायफलच्या वजनाने भरली तर वर सांगितलेलं चक्र इतकं जोरात फिरतं की गोळी जागची हलेपर्यंत चेंबर फुटलेला असतो. शिवाय कागदी पुंगळ्या असतील तर त्यांनी चाळीस पावसाळे प्यायलेले असणार, कडा फुगलेल्या, पितळ हिरवं पडलेलं. फोडू नका, हलवून बघू नका, उन्हात वाळवू नका.

आजोबांचा परवाना त्यांच्यासोबत संपला. त्यानंतर ती काडतुसं घरात असणं हेच बेकायदा आहे, आणि अशा वेळी माल पोलीस ठाण्यात जमा करायची तरतूद त्याच कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे. ट्रंक घेऊन ठाण्यात जाऊ नका. आधी फोन करा, किती आहेत आणि कशा दिसतात ते सांगा, त्यांना घरी येऊ द्या. आजोबांचा जुना परवाना सापडला तर तो हाताशी ठेवा आणि जमा केल्याची पावती मागून घ्या. पावतीवर काडतुसांची संख्या नीट लिहिली आहे ना, ते मोजून बघा.